खोल विहिरीतलं सिमेंट खाली बसू नये म्हणून

हैदराबादेत बोअर मारणाऱ्याला विचारा, केसिंग किती घालणार? उत्तर ठरलेलं असतं : मुरूम आणि कुजका खडक संपेपर्यंत. खाली पक्का ग्रॅनाइट लागला की पाईप तिथेच थांबतो आणि पुढची शेकडो फूट विहीर उघड्या दगडात राहते. दगड ढासळत नाही, फटीफटींतून पाणी येतं, मोटर सोडली की मालक मोकळा.

तेलाच्या विहिरीला ही चैन परवडत नाही. ती जिथे खणायची तिथला खडक म्हणजे वाळूचे आणि चिखलाचे एकावर एक दाबलेले थर. एका थरात खारं पाणी, दुसऱ्यात वायू, तिसऱ्यात तेल, आणि प्रत्येकाचा दाब वेगळा. म्हणून काही अंतर खणलं की पोलादी नळ्यांची माळ खाली सोडायची, आणि नळी व खडक यांच्यामधली सगळी फट सिमेंटने भरून टाकायची. मग आतून लहान व्यासाचं पुढचं खोदकाम सुरू. ही फट किती असते? सव्वाबारा इंचाच्या भोकात नऊ आणि पाच-अष्टमांश इंचाची नळी बसवली, तर चारही बाजूंनी जेमतेम ३३ मिलिमीटर. दोन बोटं मावतील एवढी जागा, पण उंची दोन-तीन किलोमीटर. या चिंचोळ्या जागेतलं सिमेंट सलग, एकसारखं आणि बिनभेगांचं झालं तरच खालचा वायू खाली राहतो.

हैदराबाद शहराखाली तेलाचा थेंब नाही. पण २०१४ मध्ये विभाजन होईपर्यंत ज्या आंध्र प्रदेशाचा कारभार इथून चालत होता, त्याच्या किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरीचं खोरं आहे. या धंद्यातले लोक त्याला नुसतं 'केजी बेसिन' म्हणतात. १९७८ मध्ये नरसापूरच्या विहिरीत वायू लागला, २००२ मध्ये रिलायन्सला खोल समुद्रातल्या डी-६ क्षेत्रात वायू सापडला, जानेवारी २०२४ मध्ये ओएनजीसीच्या ९८/२ या खोल समुद्रातल्या क्षेत्रातून पहिलं तेल निघालं. आज या शहराचा या धंद्याशी संबंध वेगळ्याच दोन बाजूंनी आहे. २०१९ मध्ये ओएनजीसीने ४७ रिगची मागणी नोंदवली ती इथल्या मेघा इंजिनिअरिंगकडे. आणि हबसीगुड्याजवळची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, म्हणजे एनजीआरआय, या खोऱ्याच्या समुद्रतळाखालच्या गॅस हायड्रेटचा अभ्यास वर्षानुवर्षं करते आहे. साताऱ्याकडच्या वाचकांना ही संस्था कोयनेच्या भूकंपांमुळे माहीत असेल. २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं, त्या प्रकल्पामागे एनजीआरआयचं बरंच काम आहे.

विहीर हाताबाहेर जाते म्हणजे काय होतं, हे आंध्रने १९९५ साली पाहिलं. ८ जानेवारीला पूर्व गोदावरी जिल्ह्यात पासरलपुडी इथे ओएनजीसीच्या विहिरीतून वायू उसळला आणि पेटला. नारळाच्या बागांमधली ती आग ६५ दिवस जळत होती. मार्चच्या मध्यावर ती विझली. तो अपघात खोदकाम चालू असताना झाला, त्याचा दोष सिमेंटला देता येत नाही. पण या खोऱ्यातला वायू केवढ्या जोराने वर येतो, आणि विहीर पुरी झाल्यावर तो जोर वर्षानुवर्षं कुणाला अडवून धरायचा असतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

अडवून धरायचं ते सिमेंटने. आणि ते सिमेंट विहिरीत जाताना घट्ट नसतं, पातळ असतं.

घर बांधताना सिमेंट पाटीतून नेतात, थापीने लावतात. इथे तसं काही शक्य नाही. १९१० मध्ये कॅलिफोर्नियात आल्मंड पर्किन्सने जी रीत बसवली तीच थोड्याफार फरकाने अजून चालते : नळीतून आधी एक प्लग, मागोमाग सिमेंटची स्लरी, तिच्यामागे दुसरा प्लग, आणि मग मागून खोदकामातला चिखल ढकलून सगळं खाली न्यायचं. स्लरी नळीच्या तळातून बाहेर पडते आणि बाहेरच्या फटीतून वर चढते. म्हणजे तिला आधी काही किलोमीटर खाली, मग वळून तितकंच वर जायचं असतं. पंपाचं काम संपण्याआधी तिने घट्ट होता कामा नये. आणि जागेवर पोचल्यावर फार वेळ पातळही राहता कामा नये.

यासाठी वापरतात ते सिमेंट बाजारातल्या गोणीतलं नव्हे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीतलं 'क्लास जी' हे जगभर चालतं. भारतात त्यासाठी आयएस ८२२९ हे मानक आहे, आणि तमिळनाडूतल्या दालमियापुरम् इथे असं सिमेंट बनतं. त्याचं दळण जरा जाडसर असतं आणि त्यात लवकर पकडणाऱ्या घटकाचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. शंभर किलो सिमेंटला ४४ किलो पाणी हे त्याचं ठरलेलं माप. मिश्रणाची घनता १.९ च्या आसपास येते.

गोम या ४४ किलोंतच आहे. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी साधारण पंचवीस किलोच पाणी लागतं. उरलेलं पाणी केवळ पंपाच्या सोयीसाठी घातलेलं असतं. सिमेंटचा कण पाण्याच्या तिपटीहून जड. स्लरी उभी राहिली, की कण खाली जायला बघतात आणि जादा पाणी वर यायला बघतं. ताक तासभर ओट्यावर राहिलं की वर निवळी धरते, तसंच. फरक एवढाच, की ताक पुन्हा ढवळता येतं.

विहिरीत ही निवळी धरली तर काय? वरच्या टोकाला सिमेंटऐवजी पाण्याचा पट्टा राहतो, तळाशी फार दाट आणि ठिसूळ सिमेंट साचतं. मधल्या भागाची घनता जागोजाग वेगळी. त्या पाण्याच्या पट्ट्यातून पुढे वायू वाट काढतो. स्लरी 'स्थिर' हवी म्हणतात तेव्हा एवढंच म्हणायचं असतं : उभी राहिली तरी तिचे कण आणि पाणी जिथल्या तिथे राहिले पाहिजेत.

हे तपासण्याची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात काहीच दिखाऊ नाही. मिक्सरसारखंच, पण मोजमाप केलेलं एक ब्लेंडर घेतात. आधी पाणी, मिनिटाला ४००० फेरे. १५ सेकंदांच्या आत सगळं सिमेंट आत. मग झाकण लावून १२,००० फेऱ्यांवर ३५ सेकंद. सहाशे मिलिलिटर स्लरी तयार होते. ती विहिरीतल्या तापमानाला फिरवत ठेवून 'मुरवतात', आणि २५० मिलिलिटरच्या काचेच्या मापात ओततात. माप झाकायचं, हादरा बसणार नाही अशा टेबलावर ठेवायचं, आणि दोन तास हातही लावायचा नाही. दोन तासांनी वर जमलेलं पाणी सिरिंजने ओढून मोजायचं. कोऱ्या क्लास जी सिमेंटला मानकाप्रमाणे ५.९ टक्क्यांपर्यंत पाणी सुटलं तर चालतं. पण कठीण विहिरीसाठी तयार केलेल्या स्लरीत ते जवळजवळ शून्य असावं लागतं.

दुसरी चाचणी कणांच्या बसण्याची. वीस सेंटिमीटरची अरुंद धातूची नळी स्लरीने भरतात आणि दाबाखाली, उष्णतेत ती घट्ट होऊ देतात. दुसऱ्या दिवशी निघालेली सिमेंटची कांडी कापून तिचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात. आर्किमिडीजचं गणित वापरून वरच्या तुकड्याची घनता तळाच्या तुकड्याशी ताडून बघतात. दोन्हींत ०.०६ हून जास्त फरक आला तर बहुतेक ठिकाणी ती स्लरी बाद होते. कांडी वरून अखंड, गुळगुळीत दिसते आणि तरी बाद होते.

आता रसायनांकडे. स्लरीत घालायच्या पुड्यांची नावं ऐकली की औषधांच्या दुकानात आल्यासारखं वाटतं, पण त्यांची कामं मोजकी आहेत. कुणी सिमेंट उशिरा पकडायला लावतं, कुणी लवकर. कुणी स्लरी पातळ करतं, कुणी दाट. कुणी खडकात झिरपणारं पाणी अडवतं, कुणी फेस मारतं. यातलं जवळजवळ प्रत्येक रसायन आपलं काम करताना दुसऱ्याच्या कामात पाय घालतं, आणि स्लरी बिघडते ती बहुधा इथेच.

सगळ्यात जुनं भांडण पातळ करणाऱ्याचं आणि धरून ठेवणाऱ्याचं. पाण्यात पडलेल्या सिमेंटच्या कणांवर काही ठिकाणी धन, काही ठिकाणी ऋण भार असतो. त्यामुळे कण एकमेकांना चिकटतात, त्यांची एक विरळ जाळी बनते आणि त्या जाळीत पाणी अडकून बसतं. ही जाळी आहे म्हणूनच स्लरी दाट लागते, पंपाला जड जाते. मग घालतात डिस्पर्सन्ट, बहुतेक वेळा पॉलिनॅप्थलीन सल्फोनेट नावाचं. ते कणांना गुंडाळून सगळ्यांना ऋण भार देतं. सगळे एकमेकांना दूर लोटतात, जाळी तुटते, अडकलेलं पाणी मोकळं होतं आणि स्लरी पाण्यासारखी वाहू लागते. पंपवाला खूश. पण ज्या जाळीने कणांना उचलून धरलं होतं तीच आता गेलेली असते. थोडं डिस्पर्सन्ट जास्त पडलं की वर पाणी आणि खाली गाळ. नवख्या माणसाला रिगवर हे कळत नाही, कारण ढवळत असताना ती स्लरी अगदी झकास दिसते.

म्हणून सोबत धरून ठेवणारं काहीतरी घालावं लागतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे बेंटोनाइट, फुगणारी चिकणमाती. ती पाणी धरून ठेवते, पण तिला जादा पाणी पाजावं लागतं, आणि जादा पाणी म्हणजे कच्चं सिमेंट. मायक्रोसिलिका ही फेरोसिलिकॉनच्या भट्टीच्या धुराड्यात पकडलेली अतिबारीक पूड. तिचे कण सिमेंटच्या कणांमधल्या पोकळ्यांत बसतात आणि पाण्याला सुटायला जागाच ठेवत नाहीत. सोडियम सिलिकेट कॅल्शियमबरोबर जेली बनवतं. आणि मग डिंक. आइस्क्रीम-सॉसमध्ये असतो तो झँथन डिंक जिवाणूंना साखर खाऊ घालून बनवतात. पण सिमेंटमधल्या चुन्याच्या जहाल अल्कलीत तो टिकाव धरत नाही. त्याच्याच जातकुळीतले वेलन आणि डाययूटन हे डिंक स्फिंगोमोनास कुळातल्या जिवाणूंपासून मिळतात, आणि त्यांना कॅल्शियमचं वावडं नाही. ते अगदी थोडे पुरतात. ढवळलं की पातळ, थांबलं की घट्ट, हा त्यांचा गुण इथे नेमका हवा असतो.

साखरेचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. साखर हा सिमेंट लांबवण्याचा जालीम उपाय आहे. हजाराला एक भाग साखरेनेही सिमेंट तासन्‌तास पकडत नाही. म्हणून पुष्कळ रिगवर साखरेची पोती ठेवलेली असतात, चहासाठी नव्हे. नको तिथे स्लरी वर आली, टाकीत अडकली, तर साखर ओतून ती मारतात. पण नेमका वेळ साधायचा तर साखर फार लहरी. तिच्याऐवजी कागद गिरण्यांच्या मळीतून निघणारं लिग्नोसल्फोनेट, ग्लुकोनेट, सायट्रिक आम्ल, आणि फार गरम विहिरीत फॉस्फोनेट वापरतात. यांतही मेख आहेच : लिग्नोसल्फोनेट उशीरही करतं आणि स्लरी पातळही करतं. म्हणजे वेळ वाढवायला गेलात की न सांगता डिस्पर्सन्टही वाढलं.

पाणी झिरपू नये म्हणून हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज किंवा एएमपीएस जातीची पॉलिमर घालतात. खडक सच्छिद्र असतो. दाबाखालची स्लरी त्याला टेकली की खडक तिच्यातलं पाणी शोषून घेतो. कोऱ्या सिमेंटमधून प्रयोगशाळेतल्या चाळणीवर अर्ध्या तासात हजार मिलिलिटरहून जास्त पाणी निघून जाऊ शकतं. वायूच्या थरासमोर ते पन्नासच्या आत ठेवावं लागतं. हे सेल्युलोज स्लरी दाटही करतं आणि सिमेंटला उशीरही लावतं. मिळून काय, तर कुठलीही एक पुडी बदलली की बाकीच्या सगळ्यांचं प्रमाण पुन्हा बसवायला लागतं. शंभर किलोला तीनशे ग्रॅम की चारशे ग्रॅम, एवढ्या फरकाने स्लरी चार तासांची आठ तासांची होऊ शकते.

केजी बेसिनमध्ये या सगळ्याच्या जोडीला उष्णता येते. दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे आणि दहा हजार पीएसआयच्या वर दाब असलेल्या विहिरींना 'उच्च दाब, उच्च तापमान' म्हणतात. या खोऱ्यात अशा विहिरी आहेत, आणि काहींच्या तळाशी पारा दोनशेच्या वर जातो. उष्णतेने डिंक आणि पॉलिमर पातळ पडतात. खोलीच्या तापमानाला मधासारखी वाटणारी स्लरी दीडशे अंशांवर ढिली पडते आणि कण सोडून देते. सेल्युलोजचं पॉलिमर शंभरीच्या आसपासच दम सोडतं. वेलन थोडा पुढे जातो, डाययूटन आणखी थोडा. त्यापुढे एएमपीएससारखी कृत्रिम पॉलिमर.

यावर साधा उपाय म्हणजे डिंक जास्त घालणं. पण मग वर, थंड हवेत, ती स्लरी मिक्सिंग टाकीतून पंपाकडे जायलाच तयार नसते. म्हणून काही पॉलिमर अशी बनवलेली असतात की ती गरम झाल्यावरच फुगतात. वर पातळ, खाली दाट. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ती नेमकी कितव्या मिनिटाला फुगणार हे बसवणं म्हणजे कसरत.

शिवाय एकशे दहा अंशांच्या पुढे सिमेंट स्वतःच कमजोर होऊ लागतं. पहिल्या दिवशी कमावलेली ताकद काही दिवसांत घसरते, पाणी झिरपू लागतं. त्यावरचा इलाज ठरलेला : सिमेंटच्या ३५ ते ४० टक्के बारीक दळलेली सिलिका. तिच्यामुळे स्फटिकांची जातच बदलते आणि टोबरमोराइट, झोनोटलाइट हे उष्णता सोसणारे स्फटिक बनतात. दाब जास्त, म्हणून स्लरी जडही हवी, तेव्हा हेमेटाइटची पूड. गोव्याच्या खाणींत निघतं त्याच जातीचं हे लोहखनिज, पाण्याच्या पाचपट जड. आणि जी गोष्ट जड ती आधी बसते. म्हणजे जिथे डिंक सर्वांत अशक्त असतो, तिथेच त्याच्या डोक्यावर सर्वांत जड ओझं. हल्ली मँगनीज ऑक्साइडची काही मायक्रॉनची गोल कणांची पूड वापरतात. वजन जवळपास तेच, पण कण इतके बारीक की चटकन बसत नाहीत. कण पकडायला गोंद शोधत बसण्यापेक्षा कणच असे निवडायचे की ते बसणार नाहीत, हा विचार मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

खोल समुद्रात याच्या उलट अडचण. समुद्रतळाशी पाणी चार-पाच अंशांवर असतं. तिथे सिमेंट पकडायलाच मागत नाही, आणि जितका वेळ ते पातळ राहील तितका वेळ बसत राहील. २००६ मध्ये 'जॉइडिस रेझोल्युशन' या जहाजावरून झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत केजी बेसिनमध्ये एका ठिकाणी सव्वाशे मीटरहून जाड हायड्रेटचा थर आढळला. हायड्रेट म्हणजे बर्फाच्या पिंजऱ्यात अडकलेला मिथेन. सिमेंट पकडताना उष्णता सोडतं, आणि त्या उष्णतेने हा बर्फ वितळला तर वायू थेट ओल्या सिमेंटमध्ये घुसतो. अशा जागी कमी उष्णता सोडणारं, तरी थंडीत लवकर पकडणारं सिमेंट लागतं. एनजीआरआयच्या नकाशांचा सिमेंटवाल्यांना उपयोग तो हा.

तिरप्या विहिरींचं आणखी वेगळंच. मुंबई हायमध्ये एका प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी चहूदिशांना तिरक्या नेलेल्या असतात. उभ्या नळीत कणाला तळ गाठायला किलोमीटरभर जायचं असतं. आडव्या नळीत त्याला फक्त ३३ मिलिमीटर घसरायचं असतं. १९२० मध्ये बॉयकॉट नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या लक्षात आलं होतं की रक्त भरलेली नळी तिरकी ठेवली तर रक्तपेशी उभ्या नळीपेक्षा लवकर खाली बसतात. सिमेंटचं अगदी तसंच होतं. कण खालच्या भिंतीवर घसरतात, पाणी वरच्या भिंतीलगत सलग पट्ट्याने चढतं. दोन तास उभ्या मापात शून्य पाणी दाखवणारी स्लरी ४५ अंश कललेल्या मापात भरपूर पाणी सोडू शकते. म्हणून अशा विहिरींसाठी माप तिरकं ठेवूनच तपासायचं असतं. उभ्या मापाचा निकाल तिरक्या विहिरीला लावणं हा हलगर्जीपणाच.

स्लरी स्थिर निघाली तरी एक अवघड तास बाकी राहतो. पंप थांबला, स्लरी जागेवर बसली. ती द्रव आहे तोवर तिचं पूर्ण वजन खालच्या वायूवर असतं. तीन किलोमीटरच्या स्तंभाचा दाब साधारण साडेपाचशे बार. मग ती गोठू लागते, भिंतींना चिकटते आणि स्वतःचं वजन भिंतींवर टाकते. खालच्या वायूवरचा भार हळूहळू उतरतो. सिमेंट अजून दगड झालेलं नाही, आणि द्रवही राहिलेलं नाही. वायू नेमका याच वेळी शिरतो. हा काळ जितका आखूड तितकं बरं, आणि तो साधारण ४५ मिनिटांच्या आत आणण्याचा प्रयत्न असतो. लेटेक्स या कामाला येतं. त्याचे सूक्ष्म रबरी कण सिमेंटच्या पोकळ्यांत जमून पडदा धरतात. पण लेटेक्स स्वतःच फाटू नये म्हणून त्याला वेगळं स्थिर करणारं रसायन द्यावं लागतं. औषधाला औषध.

एवढी सगळी काळजी घेतली नाही तर काय होतं, याची नोंद मेक्सिकोच्या आखातात झाली आहे. २० एप्रिल २०१० च्या रात्री डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोट झाला, ११ जण गेले, आणि मकोंडो विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत होती. खडक कमकुवत होता म्हणून तिथे स्लरीत नायट्रोजन मिसळून ती हलकी, फेसाळ केली होती. या फेसाचे बुडबुडे जागेवर टिकणं म्हणजेच तिथली स्थिरता. बुडबुडे एकत्र झाले की खाली जड सिमेंट आणि वर वायू. अध्यक्षीय चौकशी आयोगाने तशाच घटकांची स्लरी शेव्हरॉनच्या प्रयोगशाळेत बनवून घेतली, आणि ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस निकाल जाहीर केला : नऊच्या नऊ चाचण्यांत फेस अस्थिर. त्याहून बोचरी गोष्ट पुढे आली. वापरलेलं कोरडं मिश्रण दुसऱ्या एका विहिरीसाठी बनवलेलं, उरलेलं होतं, आणि त्यात आधीपासून फेस मारणारं रसायन मिसळलेलं होतं. फेसाच्या स्लरीत फेस मारायचं औषध! फेब्रुवारी आणि एप्रिलमधल्या आधीच्या चाचण्यांनी धोका दाखवला होता, आणि शेवटच्या चाचणीचा निकाल हाती येण्याआधीच सिमेंट पंप झालं असण्याची शक्यता आयोगाने नोंदवली. दुर्घटना एकट्या सिमेंटमुळे झाली नाही. दाबाची चाचणी चुकीची वाचली गेली, विहीर बंद करणारी यंत्रणाही चालली नाही. पण वायूला वर यायला वाट मिळाली ती सिमेंटमधून.

हैदराबाद, मुंबई किंवा पुण्याची रसायनं विकणारी एखादी कंपनी आपल्या 'स्टॅबिलायझर'चं पत्रक तुमच्यासमोर ठेवेल, त्यावर शून्य टक्के पाणी असा ठळक आकडा असेल. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने किंवा खरेदी करणाऱ्या इंजिनिअरने तो आकडा बघण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. ही चाचणी किती अंश तापमानाला केली? माप उभं होतं की तिरकं? सिमेंट आणि पाणी त्याच विहिरीवरचं होतं की प्रयोगशाळेतलं? आणि सोबत कोणतं डिस्पर्सन्ट, पकडणं लांबवणारं कोणतं रसायन, किती होतं? ही चार उत्तरं पत्रकात नसतील तर ते परत पाठवावं.